तेलगावच्या सरळ उत्तरेला

वर्गातल्या जगाच्या नकाशावर आपले तेलगाव छापलेले नसते, पण त्याची जागा काढता येते: सुमारे १९ अंश उत्तर अक्षांश आणि ७६ अंश पूर्व रेखांश. तिथे बोट ठेवावे आणि त्याच रेखांशावरून सरळ वर न्यावे. मध्य प्रदेश, राजस्थान, पंजाब ओलांडून बोट कारगिलच्या आसपास हिमालयाच्या रांगांत शिरते. पुढे कझाकस्तान, मग सैबेरियातली सूचिपर्णी अरण्ये, आणि शेवटी ७२ अंशांच्या आसपास, आर्क्टिक महासागराच्या काठी, ग्यादानचे द्वीपकल्प लागते. अक्षांशांतला फरक ५३ आणि एका अंशाला १११ किलोमीटर धरले, तर अंतर जवळजवळ ५,९०० किलोमीटर भरते. वाटेत ही रेषा दोनदा वृक्षहीन, थंड प्रदेशातून जाते. एकदा हिमालयाच्या उंचीवर, आणि एकदा अगदी शेवटी.

हे अंतर दरवर्षी दोनदा उडून पार करणारे पाहुणे आपल्याकडे येतात. पावसाळा सरल्यावर मराठवाड्यातल्या धरणांचे पाणी ओसरू लागते आणि काठाचा चिखल उघडा पडतो. त्यावर चिमणीएवढे, करड्या पाठीचे पक्षी चोचीने टपटप टोचत लगबगीने धावताना दिसतात. हा छोटा टिलवा, इंग्रजीत लिटल स्टिंट. वजन जेमतेम २५ ग्रॅम. त्याची पिल्ले मात्र इथे होत नाहीत. ती होतात आर्क्टिकच्या टुंड्रात, नॉर्वेच्या उत्तर टोकापासून सैबेरियापर्यंत.

घरटे करायला एवढ्या लांब, गोठलेल्या मुलखात जाण्याचे कारण काय? पाठ्यपुस्तकातला टुंड्रा एका ओळीचा असतो: अतिथंड हवामान, शेवाळ, दगडफूल, रेनडिअर. (दगडफूल आपल्या मुलांना काळ्या मसाल्यामुळे ओळखीचे असते. टुंड्रातले दगडफूल वेगळ्या जातीचे, रेनडिअरच्या हिवाळी चाऱ्याचे.) ही ओळ खोटी नाही, पण तिच्यातून टिलव्याचा प्रवास समजत नाही. त्यासाठी पाण्याचा हिशेब मांडावा लागतो.

बीड जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरीही उन्हाळ्यात टँकर लागतात. टुंड्राच्या बऱ्याच भागांत पाऊस आणि हिम मिळून फक्त १५० ते २५० मिलिमीटर. आकडा वाळवंटाला शोभणारा. पण उन्हाळ्यात तिथे जिकडे पाहावे तिकडे तळी, डबकी आणि दलदल. पाणी पडते थोडे, परंतु जात कुठेच नाही. थंडीमुळे बाष्पीभवन कमी. आणि खाली मुरायला वाट नाही, कारण जमिनीखाली बारमाही गोठलेला थर आहे. त्याला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. सैबेरियात तो काही ठिकाणी शेकडो मीटर जाड आहे. उन्हाळ्यात वितळतो तो फक्त वरचा हात-दोन हात मातीचा पापुद्रा. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरतात ना, तेच काम तिथे हा गोठलेला थर करतो.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. भोकाच्या दोन कुंड्या घ्या, एकीत मातीखाली प्लास्टिक अंथरा आणि दोन्हींत सारखेच थोडे पाणी घाला. तासाभराने फरक मुलेच सांगतील.

या उथळ, उबदार डबक्यांवर उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. ७२ अंशांवर हा अखंड दिवस जवळजवळ तीन महिने टिकतो. तेलगावचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. मग डास, चिलटे यांच्या अळ्या एकदम प्रौढ होतात आणि हवा त्यांनी भरून जाते. टिलव्याची मादी चार अंडी घालते; पुष्कळदा एक घरटे नर उबवतो आणि दुसरे मादी. पिल्ले बाहेर पडताच स्वतः किडे टिपू लागतात. आईबापांनी भरवण्याची गरज नाही, म्हणून एवढा कमी वेळ पुरतो. आपल्याकडे मूग निघायला जेवढे दिवस लागतात, साधारण तेवढ्यातच तिथला सारा हंगाम आटोपतो. वनस्पती म्हणूनच बहुतेक बहुवर्षायू. बीपासून फुलापर्यंत एका दमात जाणे त्यांना परवडत नाही.

हिमालयातला टुंड्रा थोडा निराळा. साडेतीन हजार मीटरच्या आसपास झाडे संपतात आणि कुरणे सुरू होतात. काश्मीरकडे त्यांना मर्ग म्हणतात, उत्तराखंडात बुग्याल. थंडी सारखीच, पण कारण अक्षांश नव्हे, उंची. उतारामुळे पाणी वाहून जाते, रोज रात्र होते, ऊन प्रखर लागते. झाडे जमिनीला चिकटून उशीसारखी वाढतात. त्या उशीच्या आत हवा बाहेरपेक्षा बरीच उबदार राहते. फेनकमळ तर स्वतःला लोकरीत गुंडाळून घेते. अशा उंचीवरच्या तळ्यांकाठी वीण करणारे पट्टकदंब हंस हिवाळ्यात नाथसागरावर येतात. म्हणजे दोन्ही टुंड्रांचे पाहुणे मराठवाड्यात एकाच पाण्यावर.

टिलव्यांच्या संख्येत लेमिंग नावाच्या उंदराचाही हात आहे. लेमिंग साधारण तीन-चार वर्षांनी अमाप वाढतात आणि मग कोसळतात. ते भरपूर असले की ध्रुवीय कोल्ह्याचे पोट त्यांच्यावर भरते. नसले की तो अंड्यांकडे आणि पिल्लांकडे वळतो.

पण खरी धास्ती त्या शेततळ्याच्या कागदाची आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पश्चिम सैबेरियातल्या दहा हजारांहून अधिक मोठ्या तळ्यांची १९७३ आणि १९९७-९८ ची उपग्रहचित्रे ताडून पाहिली होती. तळ्यांची संख्या सुमारे ११ टक्क्यांनी घटली होती. उत्तरेकडे, जिथे गोठलेला थर सलग आहे, तिथे बर्फ वितळून तळी वाढली. दक्षिणेकडे, जिथे तो तुटक आहे, तिथे कागद फाटल्यासारखे पाणी खाली निघून गेले. शिवाय या गोठलेल्या जमिनींत न कुजलेल्या वनस्पतींच्या रूपात सुमारे १,५०० अब्ज टन कार्बन आहे, वातावरणातल्या कार्बनच्या जवळजवळ दुप्पट. थर वितळला की कुजणे सुरू होते आणि कार्बन डायऑक्साइड व मिथेन बाहेर पडतात.

हिम लवकर वितळले तर पक्ष्यांचे भलेच होईल, असे वाटणे साहजिक आहे. घडते उलटे. टिलव्याचाच मोठा भाऊबंद रेड नॉट सैबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पावर वीण करतो आणि हिवाळ्याला पश्चिम आफ्रिकेत जातो. २०१६ साली संशोधकांनी दाखवले, की लवकर वितळलेल्या वर्षांत किड्यांचा बहर आधीच ओसरतो, पिल्ले उशिरा निघतात आणि उपाशी राहून लहानखुरी वाढतात. त्यांची चोच आखूड राहते, आणि आफ्रिकेच्या वाळूत खोल असलेल्या शिंपल्यांपर्यंत ती पोचत नाही. मार लागतो हजारो किलोमीटर दूर, हिवाळ्यात.

यंदा पावसाळा संपता संपता माजलगावच्या धरणावर मुलांना घेऊन जाणार असाल, तर दुर्बीण बरोबर असू द्या. टिलवे दिसले तर त्यांच्या पाठीवर पांढरी रेघ इंग्रजी व्ही अक्षरासारखी दिसते का, ते पाहायला सांगा. ज्यांच्या पाठीवर ती ठळक आहे ते बहुधा याच जुलैत अंड्यातून निघालेले असतात. थव्यात असे किती आणि बाकीचे किती, हे तारखेसह वहीत टिपून ठेवावे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा.