पाठीचा कणा : ऑपरेशन केव्हा करावे, केव्हा करू नये



यंत्रे कितीही आली तरी शेतातला ऊस गव्हाणीत पडेपर्यंत त्याचा बराचसा भार अजून माणसाच्या पाठीवरच आहे. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा तोडणीवाला, खुरपणीला दिवसभर ओणवी असणारी बाई, खाचखळग्यांतून ट्रॅक्टर हाकणारा गडी, या साऱ्यांची तक्रार एकच : "पाठ धरली."

पाठ धरली की गावात दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, "कण्याला हत्यार लावलं की माणूस कायमचा पांगळा होतो, ऑपरेशनच्या नादी लागू नका." दुसरा म्हणतो, "फोटोत गादी सरकलेली दिसली ना? मग आता ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही." हे दोन्ही सल्ले सरसकट खरे मानले तर घात करतात. पहिल्याने वेळ निघून जाते, दुसऱ्याने नाहक ऑपरेशन होते. औषध सांगण्याचा आमचा हेतू नाही. कोणत्या दुखण्यात थांबायचे आणि कोणत्या दुखण्यात धावायचे, एवढे सभासदांना नीट कळावे म्हणून हा लेख.

कण्याची रचना

उसाला जशा कांड्या, तसे कण्याला मणके. मानेत ७, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५ असे २४ सुटे मणके आहेत. त्यांच्याखाली आणखी ५ आणि माकडहाडाचे साधारण ४ मणके असतात. ते मोठेपणी एकमेकांना जुळून जातात. सुट्या मणक्यांच्या मध्ये गाद्या असतात. गादीचे बाहेरचे कडे चिवट असते आणि आत मऊ गर असतो. मणक्यांच्या मागच्या पोकळीतून मेंदूकडून आलेला मज्जारज्जू खाली उतरतो. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका राहतो.

यातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोडलेले हाड जुळून येते. दबलेली नस दाब निघाल्यावर बरेचदा सावरते. परंतु मज्जारज्जू एकदा चिरडला गेला, तर तो पूर्ववत जोडणारे ऑपरेशन अजून जगात कोठेही नाही. म्हणून कण्याच्या शस्त्रक्रियेची कामे मुळात तीनच : नसांवरचा दाब काढणे, डळमळलेला कणा स्थिर करणे आणि वाकडा झालेला कणा सरळ करणे. यांपैकी एकही काम करण्यासारखे नसेल, तर हत्यार लावण्याचे कारण नाही.

साधी पाठदुखी आणि सरकलेली गादी

उसण भरली, लचक आली, कंबर आखडली, यांत बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. काही दिवस जड काम टाळावे, डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक घ्यावे आणि सोसेल तसे चालत-फिरत राहावे. महिनाभर अंथरुणाला खिळून राहण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. अशा वेळी पायाळू माणसाकडून पाठीत लाथ मारून घेण्याची चाल अजून काही ठिकाणी आहे. ती बंद व्हावी. आत मणका ठिसूळ झालेला असेल किंवा गादी फाटलेली असेल, तर त्या एका लाथेने पाय जाण्याची भीती असते.

गादीचे कडे फाटून आतला गर बाहेर आला आणि नसेवर दाबला, की कळ कुल्ल्यातून मांडीमागून थेट पोटरीपर्यंत जाते. यालाच सायटिका म्हणतात. फाटलेल्या गादीमुळे ही कळ येते हे अमेरिकेतील मिक्स्टर व बार या डॉक्टरांनी १९३४ साली दाखवून दिले आणि गादीच्या ऑपरेशनचा मार्ग मोकळा झाला. मात्र बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेते. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर केलेली एक पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. हे सारे सहा ते बारा आठवडे सायटिकाने बेजार झालेले लोक होते. निम्म्यांना लवकर ऑपरेशनसाठी निवडले, निम्म्यांना थांबवून उपचार दिले. लवकर ऑपरेशनच्या गटाला आराम लवकर पडला, हे खरे. पण वर्षअखेर दोन्ही गटांत सारखेच, म्हणजे शंभरात सुमारे ९५ जण बरे झालेले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना पुढे ऑपरेशन करावे लागले. बाकीच्यांचे त्यावाचून भागले. तेव्हा कळ असह्य असेल, सहा आठवडे उपचार करूनही हटत नसेल, तर ऑपरेशन जरूर करावे. पण पहिल्याच आठवड्यात घाई करण्याचे कारण सहसा नसते.

एम.आर.आय.च्या कागदालाही भिऊन जाऊ नये. ज्यांना पाठदुखी मुळीच नाही अशा लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली पाहिले, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. केस पांढरे व्हावेत तशी गादी झिजते. फोटोतली झीज आणि अंगावरची लक्षणे एकमेकांशी जुळली, तरच तिला महत्त्व. ऑपरेशन माणसाचे करायचे असते, फोटोचे नव्हे.

उतारवयात निराळा प्रकार दिसतो. नसांची पोकळी अरुंद होते. म्हातारा शंभर पावले चालला की पाय भरून येतात, बसला किंवा पुढे वाकला की बरे वाटते. गड्याला सायकल चालवता येते, पण बाजारापर्यंत चालवत नाही. औषध व व्यायामाने भागले नाही, तर मागचे हाड थोडे काढून जागा मोकळी करतात. त्याने बऱ्याच वृद्धांचे चालणे सुधारते. मणका पुढे सरकलेला असेल, तरच बहुधा स्क्रू बसवावे लागतात.

येथे मात्र थांबू नये

खालीलपैकी काहीही दिसले तर "बघू दोन दिवस" म्हणू नये.

(१) पाठदुखीबरोबर लघवी अडकणे किंवा नकळत होणे, बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, दोन्ही पाय ढिले पडणे. नसांचा सगळा झुबका दबल्याचे हे लक्षण आहे. येथे प्रश्न तासांचा असतो. ऑपरेशन लांबले तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. लाजेखातर ही गोष्ट लपवू नये.

(२) पायाचा पंजा उचलेनासा होणे किंवा पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होणे.

(३) सदऱ्याची गुंडी लावता न येणे, हातातून तांब्या निसटणे, चाल अडखळणे, पायातून चप्पल निघाली तरी न कळणे. हा मानेत मज्जारज्जू दबल्याचा प्रकार असू शकतो. यात दुखत नाही, म्हणून लोक फसतात. ऑपरेशनने बिघाड थांबतो, काही प्रमाणात सुधारणाही होते. पण गेलेले सारेच परत येईल असे नाही. म्हणून लवकर दाखवावे.

(४) पाठदुखीबरोबर ताप, घटणारे वजन आणि रात्री झोपू न देणारी वेदना. अशा वेळी क्षयाची शंका घ्यावी.

मणक्याचा क्षय

फुप्फुसांप्रमाणे मणक्यालाही क्षय होतो. इंग्लंडमधील पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला पॉटचा रोग म्हणतात. मणका पोखरला जातो, पाठीला कुबड येते, पायांतले बळ जाते. एके काळी अशा रोग्याला महिनोन्महिने प्लास्टरमध्ये निजवून ठेवीत. पुढे सरसकट ऑपरेशनची लाट आली. बनारसचे डॉ. तुली यांनी 'मधला मार्ग' सांगितला, तो १९७५ साली प्रसिद्ध झाला. औषधे सर्वांना द्यायची. ऑपरेशन मात्र औषधाने पायांतले बळ परत येत नसेल, लक्षणे वाढत असतील किंवा कणा ढासळत असेल, त्यांचेच करायचे. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. साधारण वर्षभर, डॉक्टर सांगतील तितके दिवस ती घ्यावीत. बरे वाटले म्हणून मध्येच सोडणे म्हणजे तण अर्धवट उपटून ठेवण्यासारखे आहे.

मुलांच्या पाठीचा बाक

दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांचा, विशेषतः मुलींचा, कणा कधीकधी बाजूला वळत जातो. मुलाला पाय जुळवून पुढे ओणवे करावे आणि मागून पाहावे. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा वर उचललेली दिसली, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. बाक २५ ते ४० अंशांचा आणि मूल वाढीचे असेल, तर पट्टा देतात. साधारण ४५ ते ५० अंशांच्या पुढे गेला, तर ऑपरेशनचा विचार होतो. अमेरिकेत ह्यूस्टन येथे पॉल हॅरिंग्टन यांनी १९५० नंतरच्या दशकात पोलिओने वाकलेल्या मुलांसाठी कण्याला आधार देणारी सळई तयार केली. आता प्रत्येक मणक्यात स्क्रू बसवून, त्यांना सळईने जोडून बाक सरळ करतात आणि त्या वेळी मज्जारज्जूवर यंत्राने लक्ष ठेवतात. पुढे लग्नात अडचण येईल म्हणून मुलीचा बाक पदराआड झाकणारे आईबाप आहेत. झाकल्याने बाक वाढतो. वेळीच दाखवले तर कदाचित पट्ट्यावरच भागते.

अपघात : पहिला अर्धा तास

ट्रॉलीवरून किंवा झाडावरून पडणे, विहिरीत कोसळणे, ट्रॅक्टर उलटणे, यांत मणका मोडतो. १९८३ साली डेनिस यांनी मणक्याची पुढचा, मधला व मागचा अशा तीन खांबांत मांडणी केली. एकच खांब मोडला तर कणा बहुधा टिकून राहतो आणि पट्ट्यावर हाड जुळते. दोन मोडले तर तो डळमळतो. अशा वेळी टायटॅनियमचे स्क्रू व सळ्या घालून स्थिर करतात आणि मज्जारज्जूत घुसलेला हाडाचा तुकडा दूर करतात. मज्जारज्जूवर दाब असेल तर शक्यतो २४ तासांच्या आत तो काढावा, असे तज्ज्ञ सांगतात.

परंतु पुष्कळदा माणसाचे पाय शेतातच जातात, आणि ते पडण्याने नव्हे तर उचलण्याने. मणका मोडलेला असतो, मज्जारज्जू शाबूत असतो. आणि मदतीला धावलेले चौघे त्याला हातपाय धरून उचलतात, नाहीतर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेतात. तेव्हा :

(१) पडलेल्या माणसाला बसवू नये, उभा करू नये, पाणी पाजू नये. आग, पाणी, विजेची तार असा धोका असेल तरच जागेवरून हलवावे.

(२) १०८ क्रमांकावर फोन करावा.

(३) एकाने डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे. मानेच्या दोन्ही बाजूंना दुमडलेले धोतर किंवा मातीची पिशवी ठेवावी.

(४) हलवावेच लागले तर चौघांनी मिळून, डोके-धड-पाय एका रेषेत ठेवून, लाकडाच्या ओंडक्यासारखे एकदम कुशीवर वळवावे आणि खाली दाराची फळी सरकवावी. उलटी होत असली तरी असेच वळवावे.

ऑपरेशन ठरल्यावर

डॉक्टरांना न भिता चार प्रश्न विचारावेत. नेमके कोणत्या मणक्याचे ऑपरेशन? त्याने पायाची कळ जाईल की पाठीचे दुखणे? न केल्यास काय होईल? धोके कोणते? जंतुसंसर्ग, नसेला इजा, पुन्हा गादी सरकणे हे धोके असतात. शंका असल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. त्यात पहिल्याचा अपमान नाही. मधुमेह आटोक्यात आणावा. तंबाखू, मिश्री, विडी बंद करावी, कारण निकोटीनमुळे हाड जुळण्यास अडथळा येतो. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते की नाही, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधीच विचारावे. गादीच्या ऑपरेशननंतर बहुतेकांना एक-दोन दिवसांत चालवतात; पण मोळी उचलायला डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत हात लावू नये.

आणि ज्यांचे पाय परत येत नाहीत, त्यांचे काय? पूर्वी असे रोगी पाठीच्या जखमा चिघळून आणि लघवीच्या संसर्गाने दगावत. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ साली लुडविग गुटमान यांनी दर दोन तासांनी कूस बदलणे, लघवीची काळजी आणि व्यायाम यांवर भर दिला. माणसे जगू लागली. १९४८ साली त्यांनी चाकाच्या खुर्चीवरील रुग्णांचे सामने भरवले. त्यांतूनच पॅरालिम्पिक स्पर्धा उभ्या राहिल्या. सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. पॅरालिम्पिकमधले ते भारताचे पहिले सुवर्णपदक. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याच ऊसपट्ट्यातला हा माणूस आहे. अंथरुणावरच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायला डॉक्टर लागत नाही, घरातले दोन हात पुरतात.

सभासदांना विनंती, की अपघाताबद्दलचे चार मुद्दे घरातल्या मुलांकडून मोठ्या अक्षरांत लिहवून घेऊन गोठ्याच्या दारावर लावावेत. आपल्या फडात टोळी उतरली की तिच्या मुकादमालाही ते एकदा वाचून दाखवावेत. पाठ त्यांचीच जास्त पणाला लागलेली असते.