नगरवाहनांसाठी पर्यायी इंधनाची खरेदी : दिल्लीचा अनुभव

नगरपरिवहनाच्या ताफ्यासाठी इंधन विकत घेणे ही बाब वरवर पाहता भांडारखात्याच्या नित्याच्या खरेदीसारखी भासते. डिझेलच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी तशी आहेही. टँकर आगारात यावा, टाकीत पट्टी घालून माप घ्यावे आणि बिल मंजूर करावे, एवढाच तो व्यवहार. पुरवठा एखादे दिवशी चुकला तरी टाकीतील साठ्यावर गाड्या निघतात. पुरवठादार बदलला तरी पंप आणि एंजिन तेच राहते. पर्यायी इंधनाच्या खरेदीत नेमके हेच सुख नाहीसे होते. तेथे विकत घ्यावयाची मुख्य वस्तू इंधन ही नसून त्याच्या अखंड पुरवठ्याची हमी ही असते. दिल्लीचा अनुभव या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

महेशचंद्र मेहता यांनी १९८५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी आदेश दिला, की दिल्लीतील सर्व शहरी बसगाड्या, सरकारी आणि खाजगी दोन्ही, ३१ मार्च २००१ पर्यंत केवळ संपीडित नैसर्गिक वायूवर, म्हणजे सी. एन. जी.वर, चालू लागाव्यात. त्याच आदेशाने वायू भरण्याची केंद्रे ९ वरून ८० पर्यंत वाढविण्यास ३१ मार्च २००० ही मुदत दिली होती. इंधन ठरले, तारीख ठरली, केंद्रांची संख्याही ठरली. रोज किती किलोग्रॅम वायू, किती दाबाने आणि कोणत्या ठिकाणी मिळेल, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

हा प्रश्न गौण का नाही, हे समजण्यासाठी वायूचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. गाडीतील सिलिंडरात तो सुमारे २०० बार दाबाखाली साठवितात. तरीही एक लिटर डिझेलइतकी उष्णता मिळविण्यास त्याला जवळजवळ चौपट जागा लागते. साहजिकच बसला वारंवार केंद्रावर यावे लागते, आणि आगारात आठवड्याचा साठा करून ठेवण्याची सोय राहत नाही. ज्या केंद्रापर्यंत वायुवाहिनी पोहोचली आहे तेथे काँप्रेसर वाहिनीतील वायू दाबून भरतो. जेथे ती नाही तेथे ‘मदर स्टेशन’वर भरलेले सिलिंडरांचे संच ट्रकवर घालून ‘डॉटर स्टेशन’वर न्यावे लागतात. एकामागून एक गाडी भरली जाते तसतसा संचातील दाब उतरतो. रांगेत मागे असलेल्या बसला वायू सावकाश आणि अपुरा मिळतो, म्हणून तीच बस लवकर पुन्हा रांगेत येते. केंद्रांची संख्या कागदावर पुरेशी असूनही रांगा हटत नाहीत, त्याचे एक मोठे कारण हे होय. दिल्लीत २००१ आणि २००२ मध्ये बस, टॅक्सी आणि रिक्षा यांच्या ज्या लांबच लांब रांगा लागल्या, त्यांत चालकांचे तासन् तास गेले. बुडालेल्या खेपांची भरपाई कोणत्याही करारात नव्हती. ती चालकाने, लहान बसमालकाने आणि थांब्यावर ताटकळणाऱ्या प्रवाशाने भरली.

सप्टेंबर २००१ मध्ये केंद्र शासनाने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मूळचे गोव्यातील माशेलचे असलेले हे शास्त्रज्ञ तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. शासनाने धुराची मर्यादा ठरवावी, ती कोणत्या इंधनाने अथवा तंत्राने गाठावयाची हे वापरणाऱ्यावर सोपवावे, असे समितीचे मत पडले. खरेदीशास्त्राच्या दृष्टीने हे तत्त्व निर्दोष आहे; वस्तूचे नाव न सांगता तिचे कार्य सांगावे, असे कोणताही जाणता खरेदी-अधिकारी म्हणेल. परंतु कार्याची मर्यादा घालून देणाऱ्याजवळ ते कार्य रोज मोजण्याचे साधनही असावे लागते. डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ करणे सोपे होते आणि ती पकडणे कठीण. वायूमध्ये तशी भेसळ होऊ शकत नाही. ज्या नगरात तपासणीची यंत्रणा दुबळी आहे तेथे तपासणीची गरजच कमी भासावी असे इंधन निवडण्यात शहाणपण असते. समितीच्या युक्तिवादात ही बाजू लंगडी पडली असे म्हणावे लागते.

५ एप्रिल २००२ च्या निकालात न्यायालयाने समितीचा मार्ग नाकारला. डिझेल बसवर दररोज ५०० रुपये आणि तीस दिवसांनंतर १,००० रुपये असा भुर्दंड बसविला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दिल्लीच्या वाहतुकीसाठी ३० जून २००२ पर्यंत दररोज १६.१ लाख किलोग्रॅम वायू उपलब्ध करून द्यावा, असे केंद्र शासनास फर्माविले. खरेदीकरारात पहिल्या पानावर असावयाचे कलम चार वर्षांनी न्यायनिर्णयातून अवतरले! डिसेंबर २००२ पर्यंत शहरातील डिझेल बस निघून गेल्या.

परिमाणाची हमी मिळाली तरी किमतीची मिळतेच असे नाही. देशातील जुन्या क्षेत्रांतून निघणाऱ्या वायूचा शासननियंत्रित दर ऑक्टोबर २०२१ मध्ये दहा लाख ब्रिटिश औष्णिक एककांस २.९० डॉलर होता. एप्रिल २०२२ मध्ये तो ६.१० आणि ऑक्टोबरमध्ये ८.५७ डॉलर झाला. एप्रिल २०२३ मध्ये शासनाने सूत्र बदलून ४ डॉलरचा तळ आणि ६.५० डॉलरचे छत घातले. पुढे २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात नगरवायू कंपन्यांना मिळणाऱ्या या स्वस्त वायूच्या वाट्यातच कपात झाली. ज्या परिवहन संस्थेचा ताफा एकाच इंधनाला बांधलेला आहे, तिला अशा वेळी दुसऱ्या दुकानात जाता येत नाही.

विजेच्या बसमध्ये हा प्रश्न संपत नाही, केवळ त्याचे रूप पालटते. नव्या करारांत बहुधा इंधन वेगळे विकत घेतले जात नाही. बस, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची असते, आणि संस्था धावलेल्या किलोमीटरांचे पैसे देते. मुंबईच्या बेस्ट उपक्रमाने २०२२ मध्ये १,४०० विजेच्या बससाठी काढलेल्या निविदेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो प्रामुख्याने एकदा चार्ज केल्यावर बसने किती किलोमीटर धावावे या अटीवरून. टाकीतील पट्टीची जागा त्या अटीने घेतली होती. मे २०२३ मध्ये त्याचा निकाल लागला.

अशा दीर्घ मुदतीच्या करारात भीती दोन्ही बाजूंना असते. खरेदीदारास सेवा थांबण्याची, तर कंत्राटदारास देणी थकण्याची. परिवहन संस्थांचा तोटा पाहता दुसरी भीती अनाठायी नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३,४३५ कोटी रुपयांची जी योजना मंजूर केली, तिच्यात एकाही बसची किंमत समाविष्ट नाही. संस्थेने पैसे थकविल्यास कंत्राटदाराला ते त्या निधीतून द्यावयाचे आणि मागाहून संबंधित राज्याकडून वसूल करावयाचे, एवढ्यासाठीच ती आहे.