घटकाने आपल्यापुरतेच शोधावे

आजची संकेतस्थळे ‘कंपोनंट’ नावाच्या लहान, पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या घटकांतून उभी राहतात. प्रवेशअर्जातील दूरध्वनी क्रमांकाची चौकट हा असाच एक घटक. तो वडिलांसाठी एकदा व आईसाठी एकदा, असा दोनदा मांडला जातो. आईच्या क्रमांकात चूक आढळल्यास कर्सर तिच्याच चौकटीत न्यावयास हवा. परंतु घटकाने ‘क्वेरीसिलेक्टर’ने पानभर शोध घेतला, तर जुळणारी पहिलीच चौकट, म्हणजे वडिलांची, हाती येते आणि बरोबर असलेला क्रमांक बिघडण्याची वेळ येते. कांदिवलीच्या चारकोपात सेक्टर न सांगता घर शोधण्यासारखेच हे!

यावर उपाय ‘रेफ’चा. रिॲक्टच्या फेब्रुवारी २०१९ मधील १६.८ या आवृत्तीपासून त्यासाठी ‘यूजरेफ’ उपलब्ध आहे. व्ह्यूमध्येही अशीच सोय आहे. रेफमुळे प्रत्येक घटकाजवळ स्वतःच्याच चौकटीचा पत्ता राहतो. मात्र चौकट पानावर येईपर्यंत तो रिकामा असतो. म्हणून त्याचा वापर ‘यूजइफेक्ट’मध्ये किंवा क्लिकसारख्या घटनेच्या वेळी करावा.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक पथ्य पाळावे : कर्सर नेणे, उंची-रुंदी मोजणे यांपुरताच रेफ वापरावा, मजकूर बदलण्याचे काम ‘स्टेट’वर सोपवावे.