विजेची गाडी दीर्घकाळ उभी ठेवताना



वापरातील वस्तूची निगा आपण सर्वच राखतो. परंतु वापरात नसलेल्या वस्तूचीही निगा राखावी लागते, हे पुष्कळदा ती बिघडल्यावरच ध्यानात येते. विजेच्या गाडीच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. 'चेतक' हे आपल्या परिचयाचे जुने नाव जानेवारी २०२० मध्ये पुन्हा बाजारात आले, ते विजेच्या स्कूटरवर. आता आमच्या देवळाली प्रवरा येथेही उसाच्या गाड्यांच्या शेजारून अशा स्कूटरी निःशब्दपणे जाताना दिसतात. मुले पुण्या-मुंबईस अथवा परदेशी असतात. वडीलधारी मंडळी त्यांच्याकडे चार-सहा महिने राहावयास जातात, आणि गाडी पत्र्याच्या पडवीत एकटी राहते. बॅटरी हा तिचा सर्वांत महाग भाग. तो सुरक्षित राहावा म्हणून निघण्यापूर्वी काय करावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. घरोघरच्या इन्व्हर्टरची बॅटरी बहुधा शिशाची व गंधकाम्लाची असते. ही जात फ्रान्समध्ये गास्तों प्लांते याने १८५९ साली सिद्ध केली. ती रिकामी पडून राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर कठीण स्फटिक धरतात व ती निकामी होते. म्हणून ती सदैव भरलेली असावी, हा नियम आपल्या अंगवळणी पडला आहे. आणि गावी जाताना गाडीही पूर्ण भरून ठेवावी, असे वाटते ते त्यामुळेच. परंतु आजच्या बहुतेक स्कूटरी व मोटारी ज्या बॅटरीवर चालतात, ती लिथियमची. ही जात १९९१ साली बाजारात आली, आणि तिचा स्वभाव अगदी निराळा आहे.

लिथियमची बॅटरी काठोकाठ भरून ठेवली, तर आतील द्रव आणि ध्रुव यांच्यामधील अनिष्ट रासायनिक क्रिया अधिक वेगाने चालते. गाडी एक फर्लांगही न चालता तिची धारणशक्ती घटते, आणि ती घट भरून येत नाही. त्यात उष्णतेची भर पडते. तपमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातील स्थूल नियम आहे. आमच्याकडे वैशाखात पारा चाळीसपर्यंत चढतो; पत्र्याखाली तर त्याहूनही अधिक. तेव्हा पूर्ण भरलेली गाडी उन्हाळाभर पत्र्याखाली ठेवणे, हा बॅटरीला म्हातारी करण्याचा राजमार्गच होय.

बरे, रिकामी ठेवावी तर तेही घातक. बॅटरी मर्यादेखाली उतरली, की आतील तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. पुढे ती भरताना ते तांबे भलत्याच जागी साचते आणि आतल्या आत दोन ध्रुव जोडले जाण्याची भीती असते. म्हणूनच अशी बॅटरी भरून घेण्यास तिच्यावरील रक्षक यंत्रणा नकार देते. कित्येक हमीपत्रांत अशी हानी वगळलेली असते. ती अट आधीच वाचून पाहावी.

तात्पर्य, बॅटरी अर्धी भरलेली ठेवावी. शेकडा चाळीस ते साठ यांच्या दरम्यान. मात्र तेवढ्याने काम संपत नाही. गोठ्यात बांधलेला बैल औत ओढत नसला तरी वैरण खातोच; तद्वत उभ्या गाडीतील यंत्रणाही थोडी थोडी वीज खात असतात. एक साधे गणित करू. समजा, दरमहा शेकडा पाच वीज खर्च होते. पन्नासावर ठेवलेल्या गाडीत सहा महिन्यांनी वीस उरेल. पंधरावर ठेवलेली गाडी तीन महिन्यांतच शून्यावर येईल. यासाठी एखाद्या विश्वासू शेजाऱ्यास महिन्यातून एकदा आकडा पाहण्यास सांगावे, आणि तो तिसाखाली गेला तर पुन्हा साठापर्यंत भरून घ्यावा.

जागा सावलीची, कोरडी व हवेशीर असावी. कांदा साठविताना आपला शेतकरी चाळीत वारा खेळता ठेवतो. तीच दृष्टी येथे हवी. प्लॅस्टिकच्या कागदाखाली दमटपणा कोंडतो, म्हणून सुती आच्छादन घालावे. काढता येणारी बॅटरी घरात थंड जागी ठेवावी. चूल, गॅसची टाकी, कपड्यांचे कपाट व जाण्यायेण्याची वाट यांपासून दूर. स्कूटरचा चार्जर बंद घरात लावून जाऊ नये. चाकांत हवा पुरेशी भरावी व स्कूटर मधल्या स्टँडवर उभी करावी. उंदीर तारा कुरतडतात, त्यांचाही बंदोबस्त करावा.

मोटारीत मुख्य बॅटरीखेरीज बारा व्होल्टची एक लहान बॅटरी असते. ती पुष्कळदा शिशाचीच असते व आधी तीच उतरते. मग मुख्य बॅटरीत वीज असूनही गाडी जागी होत नाही. ती कशी सोडवून ठेवावी, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहावे. कमी वेगाच्या काही स्वस्त स्कूटरींतही शिशाचीच बॅटरी असते; तेथे मात्र इन्व्हर्टरचाच नियम लागू. सारांश, आपल्या गाडीत कोणती बॅटरी आहे, हे प्रथम जाणून घ्यावे, आणि पुस्तिकेत निराळे काही सांगितले असेल, तर तेच प्रमाण मानावे.

परत आल्यावर घाई करू नये. बॅटरी फुगली असेल वा तिला वास येत असेल, तर ती न भरता जाणकारास दाखवावी. सर्व ठीक असल्यास घरात जागे असताना ती भरावी, ब्रेक व चाके तपासावीत, आणि मगच स्वारी करावी. एवढी काळजी घेण्यास निघण्याच्या दिवशी अर्धा तास पुरतो. ती न घेतल्यास नव्या बॅटरीची किंमत मोजण्याची पाळी येते. यांतील सोयीचे काय, हे श्रोत्यांस मी निराळे सांगावयास नको.