हिरड्यांच्या गोष्टी (९) : अळणी आमटी

या रविवारी टाके काढण्याबद्दल लिहीन म्हणालो होतो. पण मधेच कराडहून एका काकूंचं पत्र आलं. त्यांचा प्रश्न असा आहे की टाक्यांनी आठ दिवस थांबायला हरकत नाही.

काकूंच्या खालच्या दाढांभोवतीच्या हिरड्या उघडून, मुळांवरचं कीटण खरवडून परत शिवल्या, त्याला पाच दिवस झाले. सूज उतरली आहे, दुखणं गोळीशिवाय सोसवतं आहे, मऊ भात आणि कोमट वरण पोटात जातं आहे. चौथ्या दिवशी त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या, आमटी केली, नेहमीसारखी तळहातावर दोन थेंब घेऊन चाखली. अळणी. मीठ घातलं. पुन्हा चाखली, तरी अळणीच. म्हणून आणखी घातलं. जेवायला बसल्यावर यजमानांनी पहिल्याच घासाला हात थांबवला. आमटी तोंडात धरवेना इतकी खारट झाली होती. काकूंनी लिहिलंय, "चाळीस वर्षांत माझा मिठाचा हात कधी चुकला नाही. डॉक्टरांच्या हातून चवीची नस तर कापली गेली नसेल ना?"

नाही, काकू. आणि हे मी तुमच्याच पत्राच्या आधारावर सांगतो. जिभेला बधिरपणा नाही, मुंग्या नाहीत, चहाची साखर कळते, ताकाचा आंबटपणा कळतो, असं तुम्ही लिहिलं आहे. चवीच्या नसेला इजा झाली असती, तर जिभेच्या त्या बाजूला सगळ्याच चवी मंदावल्या असत्या आणि बहुधा जीभही बधिर झाली असती. एकटं मीठ वेचून नेणारी नस तोंडात नाही. (हे वाचणाऱ्या कुणाची जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर असेल, तर मात्र लगेच डॉक्टरांना कळवा.) तुमच्या मिठाचा चोर बेसिनवरच्या फळीवर बसला आहे. सकाळ-संध्याकाळ गुळणी करायला दिलेली ती औषधाची बाटली. तिच्यावर बारीक अक्षरात क्लोरहेक्सिडीन लिहिलेलं सापडेल.

या औषधावर माझा फार जीव आहे. त्याची कथा हिवतापापासून सुरू होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीचे रसायनतज्ज्ञ हिवतापावर गोळी शोधत होते. त्या शोधातून प्रोग्वानिल हाती लागलं आणि त्याच घराण्यातल्या रेणूंवर काम करताकरता पुढे क्लोरहेक्सिडीन. १९५४ पासून ते कातडी आणि जखमा निर्जंतुक करायला वापरात आलं. तुमच्या यजमानांना मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर तेही याच घराण्यातलं, दूरचा भाऊबंद.

तोंडात त्याला मानाची जागा मिळाली ती डेन्मार्कमधल्या ऑरहूस गावी. हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली एक साधा, पण धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना त्यांनी दात घासणं पूर्ण थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या, लाल झाल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात पूर्ववत. दातांवर साचणारा जिवाणूंचा थर हाच हिरडीचा शत्रू, हे तेव्हा पक्कं झालं. मग १९७० मध्ये ल्यो आणि शिओट यांनी दाखवलं की घासणं बंद ठेवून ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनच्या १० मिलिलिटरने दिवसातून दोनदा गुळणी केली, तर तो थर साचतच नाही.

आता तुमच्या तोंडात पाहा. शिवलेल्या भागावर ब्रश फिरवायची सध्या बंदी आहे. म्हणजे त्या चार दाढांपुरता तुम्ही तोच ऑरहूसचा प्रयोग करत आहात, तोही ताज्या जखमेवर. ब्रशची जागा धरून बसली आहे ती ही बाटली. म्हणून सांगतो, आमटी अळणी लागली तरी ती बंद करू नका.

इतर गुळण्या थुंकल्या की संपतात, ही का टिकते? क्लोरहेक्सिडीनच्या रेणूवर धन विद्युतभार असतो. दात, गालाची आतली कातडी आणि जिवाणूंची भिंत यांच्यावर ऋण. त्यामुळे ते सगळीकडे चिकटून बसतं. घेतलेल्या औषधापैकी साधारण ३० टक्के तोंडातच राहतं आणि पुढचे बरेच तास थोडंथोडं सुटत राहतं. जिभेलाही ते असंच चिकटतं आणि खारटपणाची जाणीव बोथट करतं. कडू चवही थोडी उतरते, गोड आणि आंबट मात्र जवळजवळ शाबूत राहतात. ज्या गुणामुळे ते दोन गुळण्यांवर दिवस काढतं, त्याच गुणामुळे तुमची आमटी अळणी झाली.

आपल्या घरांत याची खरी अडचण आहे, आणि मला वाटतं आम्ही डॉक्टर तिच्याबद्दल पुरेसं बोलत नाही. शस्त्रक्रिया एकीची होते, पण चाखणारी तीच असेल तर मीठ सगळ्या घराच्या पोटात जातं. घरात रक्तदाबाचा माणूस असेल तर ही गोष्ट साधी नाही. तेव्हा बाटली चालू आहे तोवर मीठ जिभेच्या भरवशावर नाही, चमच्याच्या मापाने घाला आणि चाखायला दुसऱ्या कुणाला तरी बोलवा.

गुळणीच्या वेळेचंही सांगतो, कारण बहुतेकांचं इथे चुकतं. टूथपेस्टमधल्या फेसाच्या रसायनावर ऋण भार असतो. ते क्लोरहेक्सिडीनला गाठून निकामी करतं. म्हणून बाकीचे दात घासल्यावर किमान अर्धा तास जाऊ द्या. गुळणी मिनिटभर तोंडात हलकेच फिरवायची आणि मान वाकवून बेसिनमध्ये सोडून द्यायची. पिचकारी नको, टाके ताणतात. नंतर तोंड कडू होतं म्हणून लगेच पाण्याने चूळ भरली, तर औषध पाण्याबरोबर गेलं. माझ्या पेशंटांपैकी निम्मे तरी हे करताना सापडतात. चहा आधी, गुळणी नंतर, आणि त्यानंतर तासभर काही नाही. रात्रीची गुळणी अगदी झोपताना घेतली तर सगळ्यात उत्तम.

चहाचा क्रम मुद्दाम सांगितला. दातावर चिकटलेल्या औषधाला चहातला तुरट अंश धरतो आणि आठ-दहा दिवसांत दातांवर तपकिरी डाग दिसू लागतात. पुढचं पत्र बहुधा त्याबद्दलच येईल, म्हणून आधीच लिहून ठेवतो: ती कीड नाही. दात पॉलिश केले की डाग जातात. टाचणीने खरवडू नका. डॉक्टरांनी ०.२ ऐवजी ०.१२ टक्क्यांचं औषध १५ मिलिलिटर दिलं असेल, तरी मात्रा जवळपास तेवढीच पडते, त्यामुळे कमी ताकदीचं दिलं म्हणून खट्टू होऊ नका. ओठ-चेहरा सुजला, अंगावर पित्त उठलं किंवा श्वास लागला, तर मात्र औषध थांबवून तडक दवाखाना गाठायचा.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे खानावळ चालवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. रोजचे चाळीस डबे, आणि चव त्यांच्या एकटीच्या जिभेवर. मी मिठाचं आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यांनी सातवीतल्या नातीला चाखायला नेमलं. दोन आठवडे पोरगी शाळेत जायच्या आधी प्रत्येक पातेल्यातलं वाटीत घेऊन चाखायची आणि "घाल" किंवा "बास" एवढंच म्हणायची. बाटली थांबवल्यावर काही दिवसांनी बाईंचा फोन आला. नातीने "बास" म्हणायच्या आधीच आज त्यांना स्वतःला मीठ कळलं होतं.

काकू, तुमची बाटली किती दिवस चालवायची हे टाके काढताना डॉक्टरांना विचारा. आणि टाक्यांचं पुढच्या रविवारी नक्की.