पाश्चात्य सूफी आणि लक्षणाचा प्रश्न

लोणंदास बसून अमेरिकेंतील सूफींविषयीं लिहिण्याचें प्रयोजन काय, असें वाचक विचारतील. प्रयोजन घरचेंच आहे. २ डिसेंबर १९५६ रोजीं आमच्याच जिल्ह्यांत, साताऱ्यानजीक उडतरें येथें, ज्यांच्या मोटारीस भीषण अपघात झाला, ते मेहेरबाबा एका अमेरिकन सूफी संस्थेचे अधिष्ठाते होते. अरणगांवचें मेहेराबाद पुष्कळांस ठाऊक आहे. हा संबंध मात्र थोड्यांस.

संबंध असा. बडोद्याच्या गायकवाडी दरबारचे गवई मौलाबक्ष यांचे नातू इनायत खान (जन्म १८८२) हैदराबादेस अबू हाशिम मदनी यांजकडून चिश्ती दीक्षा घेऊन १९१० सालीं अमेरिकेस गेले. शिष्यानें इस्लाम स्वीकारलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह नव्हता. १९२७ सालीं ते दिल्लीस निवर्तले. त्यांच्या अमेरिकन शिष्या राबिया मार्टिन यांनीं पुढें मेहेरबाबांस मानलें. १९४७ सालीं बाई वारल्या, धुरा आयव्ही ड्यूस यांजकडे आली, आणि १९५२ सालीं मेहेरबाबांनीं संस्थेस नवी सनद दिली; नांव ‘सूफिझम रिओरिएंटेड’. सनद देणारे हे पुरुष पुण्यांत जन्मलेले, इराणी जरथुश्त्री कुळांतले, आणि हजरत बाबाजान व साकोरीचे उपासनीमहाराज या दोघांसही गुरुस्थानीं मानणारे!

आतां यांस कोणत्या कोठ्यांत घालावें? मार्शा हर्मान्सेन या विदुषींनीं बागेचें रूपक योजून अमेरिकन सूफींचे गट पाडले आहेत: इस्लामी मुळाशीं नातें राखणारे ते ‘संकर’, सर्व धर्मांतील एकच शाश्वत तत्त्व सांगणारे ते ‘बारमाही’, आणि परदेशांतून आलेल्या मुसलमानांनीं आपल्यापुरतीं आणून लावलेलीं तीं ‘रोपें’. रूपक गोड आहे. पण रूपक म्हणजे लक्षण नव्हे.

लक्षण अव्याप्ति, अतिव्याप्ति व असंभव या दोषांपासून मुक्त असावें, असें न्यायशास्त्र सांगतें. विश्वप्रेम हें सूफीचें लक्षण धरलें, तर आळंदीहून पालखीबरोबर लोणंदास उतरणारा वारकरीही सूफी ठरेल. ही उघड अतिव्याप्ति. शरीअतीचें पालन हें लक्षण धरलें, तर इनायत खानांचे पुष्कळसे पाश्चात्य शिष्य गळतात. यास अव्याप्ति म्हणण्याची घाई आम्हींही एकदां केली होती. परंतु अव्याप्ति म्हणतांच ते सूफी आहेत हें आपण गृहीत धरतों, आणि वाद तर नेमका तेथेंच आहे. लक्ष्य ठरल्यावांचून दोष सिद्ध होत नाहीं. योगसंग्रामकर्ते श्रीगोंद्याचे शेख महंमद सूफी कीं संत, हा आपल्याकडील प्रश्नही याच जातीचा.

म्हणून इतिहासकारानें प्रथम निर्णय न देतां दोन रकाने निराळे ठेवावे, असें आम्हांस वाटतें: दीक्षा कोणी कोणास दिली, हा एक, प्रत्यक्ष आचार काय, हा दुसरा. पहिल्यास कागदाचा पुरावा मिळूं शकतो, दुसऱ्यास साक्षीदार लागतात. ‘सूफिझम रिओरिएंटेड’च्या बाबतींत पहिला रकाना दोनदां भरावा लागेल, एकदां चिश्ती परंपरेच्या नांवें, आणि दुसऱ्यांदा १९५२ च्या सनदेच्या.