चार खिंडी आणि दुपारचे बारा
(लेखमाला : उन्हाळ्यातल्या डोंगरवाटा – लेखांक ६)

विरळ हवेला शरीर कसं रुळतं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज ते सगळं ज्या वाटेवर कामी येतं, त्या वाटेवर जाऊ. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, ॲस्पेन गावाजवळ मरून बेल्स नावाची लालसर तांबडी जोडशिखरं आहेत. त्यांना वळसा घालून, चार खिंडी ओलांडून, निघालो त्याच तळ्याकाठी परत आणून सोडणारी वाट म्हणजे फोर पास लूप. लांबी सुमारे ४४ किलोमीटर आणि एकूण चढ सुमारे २,४०० मीटर. वाट सुरू होते मरून लेकपाशी, २,९२० मीटरवर. वेस्ट मरून, फ्रिजिड एअर, ट्रेल रायडर आणि बकस्किन या चारही खिंडी ३,७५० मीटरच्या वर आहेत आणि त्यांतली सर्वांत उंच वेस्ट मरून ३,८१० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. डेन्व्हर शहर वसलंय तेच जवळपास त्या उंचीवर. म्हणजे आपल्याकडचा ट्रेकर तिथे विमानातून उतरतो तोच कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर, आणि त्याची खरी चढाई तिथून पुढे सुरू होते.

रतनगड ते हरिश्चंद्रगड अशी रेंज ट्रेक केलेल्या माणसाला चार दिवसांत ४४ किलोमीटर म्हणजे फार वाटणार नाही. मळलेली पायवाट आहे, ठिकठिकाणी पाट्या आहेत, पाण्याची तर रेलचेल. तरीही या वाटेवर धडधाकट, सराईत माणसं अडचणीत येतात. किलोमीटर मोजून आखलेला बेत इथे फसतो. इथे बेत तासांवर आखावा लागतो, आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे दुपारचे बारा.

जुलै-ऑगस्टमध्ये पॅसिफिककडून आणि कॅलिफोर्नियाच्या आखातावरून दमट हवा या भागात शिरते. तिकडचे हवामानशास्त्रज्ञही तिला मान्सूनच म्हणतात, पण तिची तऱ्हा आपल्या वळवाची. सकाळी आभाळ लख्ख निळं असतं. उन्हानं उतार तापले की त्यांच्यालगतची हवा वर चढू लागते, दहा-अकराच्या सुमाराला शिखरांमागे कापसाचे पुंजके दिसायला लागतात, आणि दुपारी त्यांचेच काळे मनोरे होऊन विजा, गारा, पाऊस सगळं एकदम कोसळतं. आपल्याकडचा वळीव शेतात गाठतो, हा उघड्या खिंडीत गाठतो, आणि तिथे सर्वांत उंच वस्तू आपणच असतो.

म्हणून नियम असा, की खिंड बाराच्या आत ओलांडायची आणि बारा वाजता पलीकडच्या उतारावर, झाडीच्या दिशेनं निघालेलं असायचं. खिंडीच्या खाली दोनशे मीटर आहात आणि पुंजक्यांची बुडं काळी पडायला लागली आहेत, तर मागे फिरा. वीज दिसल्यावर सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे तिच्या टप्प्यात तुम्ही आलेले आहात. धार सोडा, एकट्या झाडाखाली थांबू नका, कपारीच्या तोंडाशी बसू नका. शक्य तितकं खाली, सारख्या उंचीच्या दाट झाडीत जा आणि गटातल्या माणसांमध्ये अंतर ठेवा, म्हणजे एकाला झटका बसला तरी बाकीचे मदतीला उरतात. केस उभे राहिले किंवा वॉकिंग पोल गुणगुणायला लागला, तर विचार करायलाही वेळ उरलेला नाही, असं समजा.

या दृष्टीनं लूपमधला सर्वांत जोखमीचा तुकडा पहिल्या दोन खिंडींच्या मधला. घड्याळाच्या दिशेनं गेलं तर वेस्ट मरून आधी येते आणि तिथून फ्रिजिड एअर जेमतेम चार किलोमीटरवर. हा सगळा टप्पा उघड्या कुरणांचा. जुलैच्या मध्यापासून इथे निळे कोलंबाइन, लाल इंडियन पेंटब्रश, जांभळे लुपिन इतके फुलतात, की पाय निघत नाही. कासचं पठार ज्यांनी पाहिलंय त्यांना या रंगांचं नवल वाटेलच, पण कासला फुलं पाहताना आभाळाकडे लक्ष ठेवावं लागत नाही. इथे ठेवावं लागतं, कारण आसऱ्याची झाडी दोन्हीकडे लांब आहे. म्हणूनच पहिल्या दिवशी सकाळच्या बसनं मरून लेकला पोचून त्याच दिवशी दोन्ही खिंडी मारायचा बेत मला पटत नाही. बसनं पोचलेला माणूस चालायला लागेपर्यंत ऊन वर आलेलं असतं, आणि पहिल्या खिंडीपर्यंतच दहा किलोमीटरहून अधिक चाल आणि जवळपास नऊशे मीटर चढ आहे. त्यापेक्षा पहिला मुक्काम क्रेटर लेकच्या पुढच्या दरीत करावा आणि दुसऱ्या दिवशी उजाडता-उजाडता निघून दोन्ही खिंडी एकदम ओलांडाव्यात. तिसऱ्या दिवशी ट्रेल रायडर आणि स्नोमास लेक, चौथ्या दिवशी बकस्किन आणि परत. दुपारी दोनला तंबू लावून बसायला कुणाला उगाच वेळ घालवल्यासारखं वाटेल. त्यानंतरच्या दोन तासांत आभाळ काय करतं ते एकदा पाहिलं, की तसं वाटणार नाही.

हंगाम कोणता, याचंही उत्तर घड्याळातच आहे. जूनअखेरीस आणि जुलैच्या सुरुवातीला खिंडींच्या सावलीतल्या उतारांवर जुना बर्फ टिकून असतो. रात्रीच्या थंडीनं तो सकाळी काचेसारखा टणक होतो. त्यावर पाय घसरला, तर माणूस थेट खालच्या दगडांवरच थांबतो. ऊन चढलं की बर्फ मऊ पडतो, टाच रोवता येते, पण तोवर ढग जमायला लागलेले असतात. बर्फ म्हणतो उशिरा या, वीज म्हणते लवकर या. आइस ॲक्स हाताळण्याचा आणि घसरणं थांबवण्याचा सराव नसेल, तर या कात्रीत सापडूच नये. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ त्यातल्या त्यात मोकळा. नद्यांचंही तसंच. दिवसभर वितळलेला बर्फ संध्याकाळी पाण्यात उतरतो, म्हणून वाटेवरच्या फ्रेव्हर्ट बेसिन या खोऱ्याच्या खालचा प्रवाह सकाळी घोट्याएवढा असला तरी सायंकाळी गुडघ्याच्या वर चढू शकतो. ओलांडायचा तर सकाळीच ओलांडावा.

आता कातळाकडे वळू. लूपची स्वतःची वाट साधी चालण्याची आहे, कुठेही हात लावावे लागत नाहीत. पण चार दिवस ही शिखरं डोळ्यांसमोर असतात आणि हात शिवशिवायला लागतात. अमेरिकेत चढाईची पाच वर्गांत प्रतवारी करतात. पहिला वर्ग पायवाटेचा. दुसऱ्यात वाट सुटते, अधूनमधून हात टेकावे लागतात. तिसऱ्यात हातांशिवाय वर जाता येत नाही, आणि यालाच ते लोक खरं स्क्रॅम्बलिंग म्हणतात. चौथ्यात दृष्टिभय मोठं आणि पडलं तर जीव जाण्याची शक्यता मोठी. पाचव्यात दोर आणि पूर्ण प्रस्तरारोहण. मरून बेल्सच्या जोडीतलं मरून पीक तिसऱ्या वर्गात मोडतं, नॉर्थ मरून चौथ्या. सह्याद्रीत कातळटप्पे चढलेल्याला हे आकडे वाचून वाटतं, जमेल की! इथेच तो फसण्याचा धोका आहे, कारण ही प्रतवारी चढाई किती अवघड ते सांगते. दगड किती विश्वासाचा, ते सांगत नाही.

सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा. लाव्हाचे थर एकावर एक साधारण आडवे निजलेले, त्यामुळे पायाखाली येणारी पायरी बहुतेकदा सपाट असते. घसारा आपल्याकडेही आहे, पण तो ओलांडून कातळाला हात लागला की जीवात जीव येतो. मरून बेल्सचा दगड सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी आणलेल्या गाळाचा. तेव्हाचे, आज उरलेले नसलेले पर्वत झिजून हा चिखल साचला आणि त्यातल्या लोहाच्या ऑक्साइडनं त्याला तांबडा रंग आला. त्याचे थर आज बाहेरच्या बाजूला, उताराकडे कललेले आहेत, आणि हिवाळ्यात फटींत गोठणारं पाणी दरवर्षी ते आणखी उकलतं. जवळून पाहिलं तर प्रत्येक पायरी दरीच्या दिशेनं झुकलेली, वर खड्यांचा थर पसरलेला, आणि तिच्यावर ताटाएवढ्या चिपा सुट्या ठेवल्यासारख्या. कललेल्या उतरंडीतलं एक मडकं ओढावं तसं होतं. एक चीप निसटली की वरच्या दोन सुटतात आणि खालच्या माणसाच्या अंगावर जातात.

१९६५ साली या शिखरांवर पाच वेगवेगळ्या अपघातांत आठ माणसं गेली, आणि तेव्हापासून त्यांना ‘डेडली बेल्स’ म्हणतात. हा दगड सूचना न देता जीव घेतो, अशा अर्थाची वनखात्याची पाटी आज वाटेवर उभी आहे. शेजारच्या कॅपिटल पीकचा दगड तुलनेनं टणक, त्याची तलवारीसारखी धार जगभर प्रसिद्ध. पण २०१७च्या उन्हाळ्यात तिथेही पाच जणांचा मृत्यू झाला. त्यांतले काही जण ती धार सुखरूप पार करून परतताना जवळची वाटणारी घळ उतरायला गेले. वरून पाहिलं तर ती थेट खालच्या तळ्याकाठी जाते असं वाटतं. प्रत्यक्षात मध्येच ती तुटलेल्या कड्यावर संपते. आपल्याकडे नाळ उतरताना जुने लोक सांगतात, की खाली कुठे निघते ते माहीत नसेल तर शिरू नकोस. नेमकं तेच.

ज्यांना स्क्रॅम्बलिंग शिकायचंच आहे, त्यांनी सवयी घरूनच लावून घ्याव्यात. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन जागा नेहमी पक्क्या, हलवायचं ते एकच. पकड वापरण्याआधी तळहाताच्या टाचेनं ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर ती सोडा. पकडीवर भार खालच्या दिशेनं टाका, बाहेर ओढू नका. हेल्मेट सॅकमध्ये नव्हे, डोक्यावर हवं. एकाच्या थेट खाली दुसऱ्यानं उभं राहू नये, आणि दगड सुटला तर ‘रॉक’ म्हणून ओरडावं. आणि चढताना दर थोड्या वेळानं मागे वळून पाहावं. उतरताना डोंगर वेगळा दिसतो आणि वाट चुकते ती बहुतेक उतरतानाच.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यानं लूप करावी, शिखरं सोडावीत. नॉर्थ मरून चढल्यानं जे मिळतं, त्याहून कितीतरी जास्त या चार खिंडी देतात. खास करून ट्रेल रायडरवरून खाली स्नोमास लेकचं गर्द पाणी पहिल्यांदा दिसतं तेव्हा. ज्याला शिखरच हवं आहे, त्यानं स्थानिक जाणत्या वाटाड्याबरोबर, वेगळ्या दिवशी, हलक्या सॅकनं जावं.

बेत आखणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या गोष्टी. हा भाग १९६४च्या वाइल्डरनेस कायद्यानं अगदी पहिल्या यादीत राखलेला आहे. आत सायकलसुद्धा चालत नाही, ड्रोनही नाही. मुक्कामाचा परवाना ऑनलाइन, बराच आधी घ्यावा लागतो आणि उन्हाळ्यातल्या तारखा लवकर संपतात. अन्न अस्वलाला न उघडता येणाऱ्या कठीण डब्यात ठेवणं बंधनकारक आहे. तिथल्या मराठी मंडळींकडे सुट्टीला जाणार असाल, तर ॲस्पेनला (सुमारे २,४०० मीटर) किमान दोन रात्री काढा आणि मगच सॅक पाठीवर घ्या. डोकं दुखून मळमळायला लागलं, तर वर जाऊ नका. थांबा, आणि बरं वाटत नसेल तर खाली उतरा. गटात कुणी ‘मला ठीक वाटत नाही’ म्हणालं, तर त्याची समजूत काढत बसू नका, त्याच्याबरोबर परत फिरा.

पुढच्या लेखांकात बर्फावर चालण्याची आणि आइस ॲक्सनं घसरण थांबवण्याची ओळख करून घेऊ.